माळवद आणि स्लॅब

बीडच्या उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की आम्हां दोघांना दुपारपेक्षा रात्रीचे भय अधिक वाटते. दिवसभर तापलेला स्लॅब अंधार पडल्यावर साठवलेली धग खाली सोडू लागतो आणि पंखा तीच गरम हवा अंगावर ढकलत राहतो. अशा वेळी आईंना गावाकडचे माळवद आठवते.

त्या घराच्या भिंती दगडमातीच्या, दोन हात रुंद. लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचे जाड थर, उजेडापुरते सवणे. पावसाळ्याआधी गळती थांबवण्यासाठी वर नवी माती पडे. दुपारचे ऊन एवढ्या मातीतून आत पोहोचेपर्यंत रात्र होई आणि तोवर घरातली माणसे माळवदावर झोपायला गेलेली असत. विजेवाचूनच्या या गारव्याचे गोडवे गाणे आम्हां मराठीच्या प्राध्यापकांना सहज जमते.

परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर हादरला, तेव्हा अशाच भिंतींनी आणि वर्षानुवर्षे जड होत गेलेल्या छतांनी हजारो माणसे गाडली. आम्ही तेव्हा शाळेत होतो. किल्लारी लातूर जिल्ह्यातले, पण भय आमच्या गावापर्यंत आले. दोन वर्षांत वडिलांनी माळवद उतरवून स्लॅब घातला. 'उकाड्याने माणूस तळमळतो, मरत नाही,' असे ते म्हणत.

गेल्या मे महिन्यात आई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या. उष्माघात थोडक्यात टळला, असे डॉक्टर म्हणाले. वडिलांचे वाक्य अर्धेच खरे होते.

कूलर घ्यावा, तर त्याला पाणी लागते आणि आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. एसी घ्यावा, तर दीड टनाचे यंत्र वीस साध्या पंख्यांइतकी वीज ओढते. वीजही पाण्यावाचून होत नाही, हे आमच्या जिल्ह्याने पाहिले आहे. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीजकेंद्र बंद ठेवावे लागले होते.

यंदा मार्चमध्येच स्लॅबवर चुन्याचे दोन हात दिले. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चटई लावली, कारण ऊन काचेतून आत आल्यावर पडदा फारसे काही करू शकत नाही. रात्री वारा सुटला की खिडक्या उघडायच्या आणि सकाळी नऊच्या आत मिटायच्या. खोल्यांत फरक जाणवतो. तरीही आईंच्या खोलीत आम्ही एसी बसवला. तो सव्वीस अंशांवर असतो, सोबत मंद पंखा. त्यात आम्हांला हार वाटत नाही. वडिलांनी मुलांच्या जिवासाठी माळवद सोडले, आम्ही आईंच्या जिवासाठी वीज जाळतो.

माळवदाकडे परत जाता येणार नाही, जाऊही नये. पण न पडणारे घर बांधताना न तापणाऱ्या घराचा विचार आपण सोडून दिला, याची किंमत आता दर उन्हाळ्यात मोजतो आहोत. चुना पावसाळ्यात धुऊन जाईल. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा द्यावा लागेल, जशी माळवदावर दरवर्षी माती घालत तसाच.