कोल्हापूर, बाराव्यांदा

मंडळी, बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नाही, कारण कोल्हापूरला भाचीकडे गेले होते. चांगले आठ दिवस राहिले.

"बाई, तुम्ही तर कोल्हापूरला कितीदा गेलात!" असं माझे जुने विद्यार्थी म्हणतील. खरं आहे. लांजा तालुक्यातल्या शाळेत असताना मी अकरा सहली कोल्हापूरला नेल्या. लाल डबा पहाटे चारला सुटायचा, आंबा घाटात तीन-चार पोरं ओकायची. मग जोतिबा, पन्हाळा, अंबाबाई, नवा राजवाडा, रंकाळा आणि रात्री परत. गाडीत मी टिपणं सांगत असे. पन्हाळ्याचा वेढा १६६०, नवा राजवाडा १८८४, खासबाग मैदान १९१२. खायला घरून आणलेल्या दशम्या आणि लसणीची चटणी. बाहेरचं काही घ्यायचं नाही, हा नियम. पन्नास मुलं आणि दोन शिक्षक, कुणाचं पोट बिघडलं तर घाटात काय करणार? नियम चुकीचा होता असं आजही म्हणणार नाही. पण अकरा वेळा जाऊन मी कोल्हापुरात पाण्याशिवाय काही तोंडात घातलं नव्हतं, हे या वेळी लक्षात आलं.

भाची मंगळवार पेठेत राहते. पहिल्याच सकाळी जावई मिसळ खायला घेऊन गेले. पाव येईल म्हणून वाट बघत होते, तर आल्या ब्रेडच्या स्लाइस! इथे तशीच खातात. मी भीत भीत वरचं फरसाण टिपत होते, तर वाढणारा मुलगा म्हणाला, "आजी, कट ओता की वरनं, मग कळंल." ओतला. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, पण पदराने पुसत पुसत सगळी संपवली.

दुपारी स्वयंपाकघरात भाचीच्या सासूबाई म्हणाल्या, "भाजीत जरा चटणी घाला हो." मी आपली चटणीची वाटी शोधतेय! तर चटणी म्हणजे उन्हाळ्यात वर्षभराची कुटून ठेवलेली कांदा-लसणाची लाल पूड. बरणीचं झाकण उघडलं की शेजारच्या खोलीत शिंक येते. विहीणबाईंबरोबर रोज कपिलतीर्थ मार्केटला भाजी आणायला जायचे. त्या घासाघीस करत नसत, नुसत्या वांग्याकडे बघत उभ्या राहत. भाजीवाली आपण होऊन भाव उतरवायची! रविवारी तांबडा-पांढरा. तांबड्याला मी हात जोडले, पण पांढरा रस्सा वाटीला तोंड लावून दोनदा प्याले. नारळाचं दूध आमच्या ओळखीचं ना!

तिथेच जावयांनी गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलचा विषय काढला. गोष्ट मला माहीत होती. अस्पृश्य म्हणून मार खाल्लेल्या आपल्या नोकराला शाहू महाराजांनी चहाचं हॉटेल काढून दिलं आणि स्वतः तिथे थांबून चहा पीत, बरोबरच्यांनाही पाजत. २६ जूनच्या भाषणात मी ती सांगतही असे. पण सहलीच्या यादीत महाराजांचा राजवाडा होता, चहा कधीच नव्हता. असो.

आता मुख्य गोष्ट. शेवटच्या संध्याकाळी मीच म्हटलं, मला गंगावेशीत न्या.

१९८४ ची सहल असेल. परतताना गंगावेशीत गाडी जरा थांबली होती. तिथे दूध कट्ट्यावर म्हशी आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाईकासमोर थेट ग्लासात धार काढून देतात. सातवीतला एक मुलगा खाली उतरून बघत राहिला. स्वतःच्या पैशांनी एक ग्लास घेऊ का, म्हणून विचारलं. मी सगळ्यांसमोर ओरडले आणि दंडाला धरून गाडीत चढवला. पुढच्या आठवड्यात 'आमची सहल' निबंध आले. त्याने अंबाबाईवर दोन ओळी, राजवाड्यावर एक आणि म्हशीवर सव्वा पान लिहिलं होतं. ग्लास कसा तिरका धरतात, फेस इतका येतो की दूध दिसतच नाही, पिणाऱ्याच्या मिशा कशा पांढऱ्या होतात. मी लाल शाईने 'विषयांतर' असं लिहिलं आणि दहापैकी चार गुण दिले.

तर त्या संध्याकाळी मी ग्लास हातात घेतला. (कच्चं दूध पिऊ नये असं डॉक्टर सांगतात आणि त्यांचंच ऐका. मी एकदाच प्याले.) दूधवाले म्हणाले, "फेस बसायच्या आत प्या, आज्जी." कोमट, गोडसर, आणि नाकाला फेस. भाची हसायला लागली, तेव्हा कळलं की मिशा आल्यात.

ग्लास तिरकाच धरतात. दूध खरंच दिसत नाही.

तो मुलगा आता पन्नाशीत असेल. निबंध कुणाकडे असणार! घरी आल्यावर त्याच्या वाडीतल्या एकीला फोन करून त्याचा नंबर मागितलाय. मुंबईला असतो म्हणाली, विचारून सांगते. अजून काही फोन आला नाही.