‘नेट नाही’ : एका वाक्याचे पाठभेद

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत गेल्या दहा वर्षांत सर्वाधिक वेळा उच्चारले गेलेले वाक्य कोणते, असे कोणी विचारले तर मी बिनदिक्कत ‘नेट नाही’ हे वाक्य सांगेन. रेशनच्या दुकानात, तलाठी कार्यालयात, बँकेत, झेरॉक्सच्या टपरीवर आणि अर्थातच महाविद्यालयात ते ऐकू येते. व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य ‘पाऊस नाही’, ‘लाइट नाही’, ‘पाणी नाही’ या कुळातले आहे. या कुळातल्या वाक्यांचे एक वैशिष्ट्य असे की त्यांत अभाव सांगितलेला असतो, पण त्या अभावाला कोणी जबाबदार नसतो. पाऊस कोणी अडवलेला नसतो. तो नुसता नसतो. ऐकणारा मान हलवतो आणि उद्या येतो. साहित्याच्या अध्यापकाने अशा वाक्याकडे संशयाने पाहावे असे मला वाटते, आणि माझ्या बाबतीत हा संशय एका मोबाइल फोनमुळे पक्का झाला.

आधी थोडा भूगोल. कर्जत उल्हास नदीच्या खोऱ्यात, तर खालापूर आणि खोपोली पाताळगंगेच्या. मधे माथेरानची डोंगररांग आणि पूर्वेला सह्याद्रीची भिंत. मोबाइलच्या लहरी प्रकाशाच्याच जातीच्या असल्यामुळे डोंगरामागे त्यांचीही सावली पडते. २००२ साली पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्यातून जातो. त्या पट्ट्यात फोन व्यवस्थित चालतो आणि तिथून थोड्याच अंतरावर, एखाद्या सोंडेच्या आड वसलेल्या वाडीत तोच फोन मुका होतो. वाडीतल्या माणसांना अमुक खडकावर, तमुक आंब्याखाली ‘रेंज येते’ हे पाठ असते. पाणवठा कुठे आहे हे जसे माहीत असावे, तसे.

अशाच एका ठाकर वाडीतून आमच्या महाविद्यालयात येणारी द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी गेल्या वर्षी माझ्याकडे आली. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची मुदत तीन दिवसांवर होती.

“सर, फोन कॉलेजचं वाय-फाय पकडत नाही.”

“पासवर्ड बदललाय का बघितलंस?”

“तोच आहे सर. बाकीच्यांना लागतंय. मी बाजारात दाखवला. त्यांनी फॉरमॅट मारला, दोनशे रुपये घेतले. तरी नाहीच.”

फॉरमॅट मारल्यामुळे तिने फोनमध्ये उतरवून घेतलेली टिपणे आणि घरच्यांची छायाचित्रे गेली होती, हे तिने नंतर, जाता जाता सांगितले. महाविद्यालयातील संगणक-कक्ष त्या आठवड्यात परीक्षेच्या कामात गुंतलेला होता. तेव्हा अर्जाचा मार्ग तिच्या फोनमधूनच जात होता.

फोनची भाषा मराठी होती. सेटिंग्जच्या पानावर फोन आपला नकार ज्या मराठीत नोंदवतो, ती मी त्या निमित्ताने प्रथमच लक्षपूर्वक वाचली. ही मराठी ओबडधोबड आहे, तिची टिंगल करणे सोपे आहे. पण ती एका गोष्टीत आपल्या बोलण्यापेक्षा प्रामाणिक आहे. आपण जिथे सरसकट ‘नेट नाही’ म्हणतो, तिथे ती निरनिराळे नकार वेगळे ठेवते. पूर्वी जोडलेले जाळे आता जवळ नसेल तर ‘परिक्षेत्रामध्ये नाही’. जाळे जवळ आहे पण आपल्याला आत घेत नाही, तर ‘ऑथेंटिकेशन समस्या’. आत घेतले, पण बसायला जागा दिली नाही, तर फोन ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ या ओळीवर थबकून राहतो. राउटर प्रत्येक फोनला काही काळापुरता एक पत्ता उसना देतो आणि साध्या मांडणीत असे जेमतेम अडीचशे पत्ते असतात. तीनशे मुले एका राउटरवर आली की उरलेली पन्नास दारात उभी. आधीचा वर्ग उठून गेला तरी त्याच्या पत्त्यांची मुदत संपेपर्यंत ते मोकळे होत नाहीत. चौथा नकार ‘कनेक्ट केले, इंटरनेट नाही’ हा. यात फोन आणि राउटर यांचे उत्तम जमलेले असते, पण राउटरच्या मागची तार कुठेतरी तुटलेली असते. रस्ता खणताना जेसीबीच्या दातात केबल येणे ही आमच्याकडची नित्याची घटना, आणि ‘बिनतारी’ हा आपला जुना शब्द किती थोड्या अंतरापुरता खरा आहे हे त्या वेळी कळते. शेवटच्या काही मीटरांचा प्रवास बिनतारी, अलीकडचा सगळा तारेवरचा.

पाचवा नकार फोन सांगतच नाही. जुन्या किंवा स्वस्त फोनना २.४ गिगाहर्ट्‌झच्याच लहरी कळतात. राउटर केवळ ५ गिगाहर्ट्‌झवर बोलत असेल तर त्याचे नाव यादीत उमटतच नाही. तिथे नकारसुद्धा मिळत नाही.

दोष नेमका कुठे आहे हे शोधण्याची जी रीत तंत्रज्ञ वापरतात, ती मराठीच्या विद्यार्थ्यांना परकी वाटू नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक होते आणि १९६६ साली, त्यांच्या निधनानंतर तेवीस वर्षांनी, ते काम पूर्ण झाले. शेकडो हस्तलिखिते समोर ठेवून पाठ ठरवण्याच्या या शास्त्राचा एक साधा नियम आहे. एकच चूक अनेक प्रतींत आढळली तर ती त्यांच्या समान पूर्वज प्रतीत असण्याचा संभव मोठा. ती एकाच प्रतीत असेल तर त्या प्रतीच्या लेखनिकाकडे पाहावे. फोनचेही तसेच आहे. सगळ्यांचे बंद असेल तर राउटर पाहावा, एकाचेच बंद असेल तर फोन. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. नाहीतर कशाने काय झाले ते कळत नाही. फॉरमॅट मारणे म्हणजे संशयास्पद शब्द वाचता येत नाही म्हणून पोथीच धुऊन काढणे.

आम्ही प्रती ताडून पाहिल्या. महाविद्यालयाच्या जाळ्यावर माझा फोन चालत होता, तिच्या मैत्रिणीचाही चालत होता. म्हणजे राउटर निर्दोष. माझ्या फोनचा हॉटस्पॉट सुरू केला तर तिचा फोन त्याला क्षणात जोडला गेला. म्हणजे तिचा फोनही निर्दोष. फोनवरची तारीख-वेळ तपासली, कारण घड्याळ चुकले की सुरक्षित संकेतस्थळे आपल्याला नाकारतात. तीही बरोबर होती. ‘नेटवर्क विसरा’ हे बटण दाबून पासवर्ड पुन्हा भरला. उत्तर तेच, ‘ऑथेंटिकेशन समस्या’. दोन्ही बाजू धडधाकट आणि तरी जमत नाही, याचा अर्थ दोष दोघांच्या संबंधात होता.

तो नोंदवहीत सापडला. महाविद्यालयाच्या जाळ्यात नोंदवलेल्या फोनांनाच प्रवेश मिळतो आणि ही नोंद फोनच्या मॅक पत्त्यावरून होते. प्रत्येक यंत्राला कारखान्यातच मिळालेला हा बारा चिन्हांचा क्रमांक. मात्र दुकाने, मॉल, विमानतळ या क्रमांकावरून माणसांच्या हालचालींचा माग काढू शकतात हे ध्यानात आल्यावर फोन आपली खरी ओळख लपवू लागले. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक जाळ्यासमोर एक बनावट क्रमांक धारण करून जातो, आणि ही सोय मुळातच चालू असते. पहिल्या वर्षी तिच्या फोनने महाविद्यालयापुढे असेच एक नाव सांगितले होते आणि तेच वहीत चढले होते. ‘नेटवर्क विसरा’ म्हटल्याने ते नाव बदलत नव्हते. पण बाजारात फॉरमॅट मारला गेला आणि फोनने नवे नाव घेतले. पहिल्या बिघाडाचे मूळ काहीही असो, त्या उपायाने फोन जाळ्याच्या दृष्टीने अनोळखी झाला होता.

हे मी तिला समजावून सांगितले तेव्हा तिला त्यात काही नवल वाटले नाही. ती म्हणाली, “म्हणजे दाखल्यासारखंच की सर.” महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत तिच्या जमातीची नोंद ठाकूर, ठाकर, का ठाकूर, का ठाकर, मा ठाकूर, मा ठाकर अशी एकाच क्रमांकाखाली आहे. शासनाच्या यादीने हे पाठभेद मान्य केले आहेत. पण शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरा आणि वडिलांच्या कागदावर तिसरा असेल तर खिडकीपलीकडचा माणूस ते मान्य करीलच असे नाही. आपण कोण हे ठाऊक असूनही वहीतल्या अक्षरांशी जुळत नाही म्हणून परत फिरणे, हा अनुभव तिच्या घरात फोन येण्याच्या आधीपासूनचा होता.

सेटिंग्जमध्ये त्या जाळ्यापुरता फोनचा खरा क्रमांक वापरण्याचा पर्याय निवडला, कार्यालयातून वहीतली नोंद बदलून घेतली, आणि दहा मिनिटांत फोन जोडला गेला. ओटीपी आला, अर्ज गेला. निघताना तिने विचारले, “आणि घरी काय करायचं, सर?”

घरी करण्यासारखे कोणत्याही सेटिंगमध्ये काही नव्हते. घरचा नकार पहिल्या जातीचा होता, ‘परिक्षेत्रामध्ये नाही’ या जातीचा. ओळख न पटणे आणि मुळात पोचच नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ‘नेट नाही’ हे वाक्य त्यांना एकाच पोत्यात भरते. पहिलीवर नीट वाचन हा उपाय आहे. दुसरीवर वाचनाने काही होत नाही.

उलटही पाहता येते. ओळख न विचारणारी बिनतारी माध्यमे आहेत. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. सरकार रेडिओसाठी परवाना मागत असे, पण खुद्द लहर ऐकणाऱ्याला नाव विचारत नसे. २०२३ साली केंद्र सरकारने आपत्तीचा इशारा देणाऱ्या ज्या यंत्रणेच्या चाचण्या घेतल्या, तीही याच वळणाची. मनोऱ्याच्या टप्प्यातल्या प्रत्येक फोनवर इशारा वाजतो. त्यासाठी क्रमांक माहीत असावा लागत नाही, कुठे नाव नोंदवावे लागत नाही. अट एकच : टप्प्यात असले पाहिजे.

त्याच वर्षी, १९ जुलैच्या रात्री, खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या पायथ्याशी असलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडी ठाकरांची. तिथवर गाडीरस्ता नव्हता. बचावपथके पावसात आणि धुक्यात पायवाटेने चढून गेली; मातीचे ढिगारे उपसणारी जड यंत्रे वर नेता आली नाहीत, हेलिकॉप्टरला हवामानाने उतरू दिले नाही, आणि बराचसा ढिगारा माणसांनी हातांनी उपसला. २७ मृतदेह मिळाले. ५७ जणांना बेपत्ता म्हणून नोंदवून काही दिवसांनी शोधकार्य थांबवण्यात आले. दरडीला मी फोनच्या सेटिंग्जशेजारी आणून बसवतो आहे असे कोणाला वाटेल. पण रस्ता हेही एक जाळे आहे, आणि ‘तिथे रस्ता नाही’ हे वाक्यही ‘पाऊस नाही’च्या चालीवर आपण वर्षानुवर्षे म्हणत आलो होतो.

२०२० च्या टाळेबंदीत सिंधुदुर्गातल्या एका विद्यार्थिनीने ऑनलाइन वर्गासाठी डोंगरावर झोपडी उभारली, तेव्हा तिच्या जिद्दीच्या बातम्या आपण कौतुकाने वाचल्या. कौतुक रास्तच होते. मात्र ज्यांना झोपडी बांधता आली नाही, त्यांच्या नावापुढे हजेरीपटात ‘अनुपस्थित’ असे पडले. हजेरीपटाला हा एकच शब्द येतो.

या सत्रात व्यावहारिक मराठीच्या तासाला मी फोनचे ते चार संदेश फळ्यावर लिहिले आणि प्रत्येकाने ते आपल्या घरी बोलल्या जाणाऱ्या मराठीत उतरवावेत असे सांगितले. उत्तरे मनोरंजक होती. ‘ऑथेंटिकेशन समस्या’चे बहुतेकांनी ‘ओळखत नाही’ केले. पत्ता मिळवण्याच्या संदेशाचे ‘अजून जागा दिली नाही’, आणि इंटरनेट नसलेल्या जोडणीचे ‘पुढून येत नाही’. या सगळ्या रूपांतरांत एक गोष्ट समान होती. नामे गेली होती आणि क्रियापदे आली होती. क्रियापद आले की कर्ता विचारता येतो. कोण ओळखत नाही? जागा कोणी दिली नाही?

‘परिक्षेत्रामध्ये नाही’चे बहुतेकांनी ‘इथवर पोचत नाही’ असे केले. त्या विद्यार्थिनीने मात्र आपल्या वहीत लिहिले होते : ‘इथवर आणलेलं नाही.’