जितकं अंतर, तितकी रुंदी

उस्मानपुऱ्यात राहणाऱ्या फोटोग्राफरच्या वाट्याला एक प्रश्न ठरलेला असतो. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज इथंच, देवगिरी महाविद्यालयही जवळ. दरवर्षी नवी पोरं येतात, त्यातलं कुणीतरी घरच्यांना पटवून कॅमेरा घेतं आणि पीरबाजारकडे चहाला आलेल्या मला गाठतं. "सर, फिरायला एकच लेन्स न्यायची तर कुठली?" त्याला आकडा हवा असतो. आकडा मी देतो, पण आधी उलट विचारतो, "माणसाचा फोटो काढताना तू त्याच्यापासून किती लांब उभा राहतोस?" बहुतेकांनी याचा विचार केलेला नसतो. माझ्या मते लेन्सचा सगळा मामला तिथंच आहे.

माझं पोट लग्नांवर चालतं. मंगल कार्यालयात दोन बॉडी गळ्यात असतात, एकीवर 24-70, दुसरीवर दीड किलोच्या घरातली 70-200. तिथं लेन्स मी ठरवत नाही, प्रसंग ठरवतो. अंतरपाट कधी खाली येईल ते भटजींच्या हातात, आणि नवरीचे मामा नेमके मध्ये उभे. तिथं झूम नसेल तर धंदा बसेल. फिरायला निघाल्यावर मात्र हे ओझं मी घरीच ठेवतो. खांद्यावर एक बॉडी, तिच्यावर 35 मिलिमीटरची फिक्स लेन्स, ॲपर्चर एफ 2. बॅगेत दुसरी लेन्स नाही.

35च का? त्याचं एक साधं गणित आहे आणि ते मला कुठल्याही समीक्षेपेक्षा उपयोगी पडलं. फुल फ्रेम सेन्सरची रुंदी 36 मिलिमीटर. लेन्स 35ची. म्हणजे कॅमेरा आडवा धरला की समोरच्या वस्तूपासून जितकं अंतर, साधारण तितकीच रुंदी फ्रेममध्ये मावते. दोन मीटरवर उभे राहा, दोन मीटर दिसेल. दहावर राहा, दहा. कॅमेरा डोळ्याला न लावताच कळतं की कुठं उभं राहिलो तर काय आत येईल आणि काय बाहेर राहील. 50च्या लेन्सला अंतराच्या पाऊणपटीहून किंचित कमी रुंदी मिळते, 24ला दीडपट. हेही हिशेब अवघड नाहीत, पण चालता चालता डोक्यात बसतो तो एकास एक.

क्रॉप बॉडीवाल्यांनी हाच हिशेब धरायचा तर 23 किंवा 24ची लेन्स घ्यावी. इथं पोरांची फसगत होते. सगळे सांगतात म्हणून ती स्वस्तातली 50 एफ 1.8 घेतात. वजनाला हलकी, काच चांगली, दोष काहीच नाही. पण क्रॉप बॉडीवर ती 75-80सारखी वागते. मग गुलमंडीच्या गल्लीत दुकानदाराचा फोटो काढायला मागं मागं सरकत पोरगं समोरच्या दुकानाच्या पायरीवर चढतं, तरी फ्रेममध्ये गल्ला येत नाही.

आणखी एक गोष्ट आता बदलली आहे. खिशातल्या मोबाईलचा मुख्य कॅमेरा मुळात 24 ते 26च्या आसपासचा असतो. रुंद लेन्स प्रत्येकाकडे आधीच आहे. एवढा कॅमेरा उचलून न्यायचा आणि त्यावर पुन्हा 24 लावायची, यात मला फारसं हशील दिसत नाही. मोबाईल सगळं आत घेतो. कॅमेऱ्यानं थोडं वगळायला शिकवावं.

वगळणं म्हणजे काय, ते वेरूळला कळतं. (मंगळवारी वेरूळ बंद, सोमवारी अजिंठा. लेन्सच्या आधी वार बघा.) सोळा नंबरचं कैलास लेणं ज्या खड्ड्यात उभं आहे तो सुमारे 84 मीटर लांब आणि 47 मीटर रुंद. मंदिर तीस मीटरच्या आसपास उंच. बाजूच्या अंगणात उभं राहिलात तर पाठ कड्याला टेकते आणि शिखर डोक्यावरून पुढं निघून जातं. इथं प्रत्येकाला 16ची लेन्स आठवते. ती लावली की सगळं आत येतं, हे खरं. पण शिखर मागं रेलतं, ध्वजस्तंभ आत झुकतो, आणि आठव्या शतकात राष्ट्रकूटांनी डोंगर वरून खाली कापत आणलेलं हे वजनदार काम एकदम हलकं, खेळण्यातलं वाटायला लागतं. मला तो फोटो खोटा वाटतो. खोटा हा शब्द जरा जास्त होतो, पण तो मी मागं घेणार नाही.

35 घेऊन गेलात तर दोनच रस्ते उरतात. एक, डोंगराच्या कडेनं वर चढायचं आणि वरून खाली बघायचं. तिथून मंदिर, अंगण आणि ज्या कातळातून ते काढलं तो कातळ एकत्र दिसतात, आणि लेणं वरून सुरू झालं हे फोटोतच कळतं. दुसरा, खाली राहून 'सगळं मंदिर' हा हट्ट सोडायचा. जोत्याला ओळीनं हत्ती आहेत, त्यांच्यापासून चार मीटरवर उभं राहायचं. चार मीटर रुंदीत काही हत्ती येतात, त्यांच्या पाठीवरचा भार येतो, कोपऱ्यात एखादी शाळेची सहल येते. लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे दुपार कलली की ऊन आत शिरतं आणि सोंडांच्या कडा उजळतात. लेणं केवढं मोठं आहे हे मला त्या चार मीटरांनी जितकं सांगितलं तितकं पूर्ण मंदिराच्या फोटोनं कधी सांगितलं नाही.

अजिंठ्याला सव्वीस नंबरच्या चैत्यगृहात तर ही लेन्स हरते, आणि मला तेच आवडतं. डाव्या भिंतीवर बुद्धाचं महापरिनिर्वाण कोरलेलं आहे. मूर्ती सात मीटरांहून लांब. खाली शोक करणारे शिष्य, वर आकाशातले वादक. एकास एकच्या हिशेबानं सात मीटर मागं जायला हवं, पण मूर्ती आहे ती भिंत आणि खांबांची रांग यांच्यामधल्या अरुंद वाटेत. मागं सरकलं की खांब आडवे येतात. समोरून सबंध मूर्ती 35मध्ये मिळत नाही, 24मध्येही नाही. मग पायांच्या बाजूला जाऊन उभं राहावं लागतं, तिरपं. पुढे तळवे येतात, मोठे. मग वस्त्राच्या चुण्या लांबत लांबत जातात, आणि पार टोकाला उशीवर टेकलेला चेहरा, लहान. ज्यांनी ती मूर्ती कोरली त्यांच्याही डोळ्यांसमोर त्या अरुंद वाटेतून चालणारा माणूसच होता. तो माणूस मूर्तीच्या कडेकडेनं पुढं सरकत जाणार, एका नजरेत ती त्याला मिळणारच नव्हती. रुंद लेन्सनं ताणून एका चौकटीत बसवलेली मूर्ती त्या चैत्यात कुणीच कधी पाहिलेली नाही.

अजिंठ्यात कॅमेरा नेणाऱ्याला रॉबर्ट गिल आठवायला हवा. 2012च्या 'अजिंठा' सिनेमामुळे गिल आणि पारोच्या प्रेमाची गोष्ट मराठी घरांत पोचली, पण त्याचं छायाचित्रण तेवढं माहीत नाही. लष्करातला हा माणूस 1844मध्ये इथल्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमला गेला. त्यानं वर्षानुवर्षं खपून केलेली मोठमोठी तैलचित्रं लंडनला गेली आणि 1866च्या डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यातली बहुतेक जळाली. त्याआधी, 1864 साली, त्यानं काढलेली स्टिरिओ छायाचित्रं जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह पुस्तकरूपानं छापली गेली होती. स्टिरिओ कॅमेऱ्याला दोन लेन्स असतात, साधारण माणसाच्या दोन डोळ्यांइतक्या अंतरावर. दोन्ही चित्रं स्टिरिओस्कोपमधून एकदम पाहिली की खांबांच्या मागची खोली जाणवते.

गिलजवळ झूम नव्हती, कुणाजवळच नव्हती. त्या काळच्या पद्धतीत काच ओली असेपर्यंतच फोटो काढून धुवावा लागे, म्हणजे जागा बदलायची तर काळोखी तंबूसुद्धा हलवायचा. जागा ठरवायला तो किती वेळ घेत असेल, याचा विचार मी नेहमी करतो. आम्ही झूमची रिंग फिरवतो आणि जागा ठरवल्याचं समाधान मानतो.

उजेडाचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना माहीत असतं आणि तरी कुणी ऐकत नाही. चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही. तो चालू नयेच. ट्रायपॉडला परवानगी लागते. किट लेन्स पुढं ओढली की ॲपर्चर 5.6वर अडकतं, आणि 1.8ची लेन्स तिच्या जवळपास दहापट उजेड आत घेते. म्हणजे जिथं पाव सेकंद श्वास रोखून हात स्थिर ठेवावा लागला असता, तिथं एक चाळीसांशात काम होतं. ॲपर्चर पूर्ण उघडलं की फोकसची खोली कमी होते, ही भीती अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेण्यात पद्मपाणीसमोर लागू पडत नाही. भिंत सपाट आहे, कॅमेरा भिंतीला समांतर धरा. वेरूळच्या मूर्ती भिंतीतून बाहेर येतात, पण तीन मीटरवरून 35 एफ 2 जवळजवळ एक मीटर खोली स्वच्छ देते. पुरतं.

माणसांचं मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही. पैठणला मागावर बसलेल्या विणकराची खोली बहुधा लहान असते. माग, कांड्या, भिंतीवरचा देव, दारात रेंगाळणारं नातवंड. दीड मीटरवर बसलात तर दीड मीटरची रुंदी मिळते: चेहरा, दोन्ही हात आणि त्या हातांखाली भरत चाललेला पदर. पण दीड मीटरवर बसायचं म्हणजे आधी विचारावं लागतं. "काका, बसू का जरा?" ते सरकून जागा देतात, कुठून आलात विचारतात. उस्मानपुऱ्यातून म्हटलं की त्यांचा कुणीतरी भाचा निघतोच, शिकायला इथं खोली घेऊन राहिलेला. 70-200 लावली असती तर मी दारातूनच काम उरकलं असतं. हात मिळाले असते, भाचा मिळाला नसता. नाथषष्ठीला दिंडीतही तेच. दोन मीटरवरून वारकऱ्याचा फोटो चोरून काढता येत नाही. तो बघतो, आपण हात जोडतो, मग तो तरी हसतो नाहीतर मान फिरवतो. मान फिरवली तर फोटो नाही, बस.

म्हणून माझी निवड माझ्या स्वभावावर बेतलेली आहे, सगळ्यांना लागू नाही. लाजऱ्या माणसानं 50 घ्यावी, एक पाऊल मागं राहता येतं. कार्तिये-ब्रेसाँनं जन्मभर बहुतेक काम 50वरच केलं. 30 जानेवारी 1948ला तो गांधीजींना भेटला आणि काही तासांतच त्यांच्या हत्येनंतरचा दिल्लीचा शोक टिपायला त्याला पुन्हा धावावं लागलं, तेव्हा 50 ही काही भित्र्यांची लेन्स नव्हे. आणि घरच्यांना घेऊन चारधामला निघालेल्या बापमाणसाला मी बिनदिक्कत 24-105 सांगतो. बायको, आई, दोन पोरं आणि मागं केदारनाथ, एवढ्या गडबडीत "थांबा, मी चार पावलं मागं जातो" म्हणणारा माणूस घरात आवडेनासा होतो.

लेन्स विकत घेण्याआधी मात्र एक काम फुकटात होतं. जवळची किट झूम 35वर (क्रॉप बॉडीवर 24वर) आणायची आणि रिंगवर सेलोटेप चिकटवायची. महिनाभर तशीच वापरायची. नंतर जुन्या फोटोंची माहिती संगणकावर उघडून कुठल्या आकड्यावर आपण सगळ्यात जास्त फोटो काढले ते बघायचं. आकडा 28च्या जवळ निघाला तर 28 घ्या, माझं ऐकू नका. सेकंडहँड घेत असाल तर काच मोबाईलच्या टॉर्चसमोर धरून आतून बघा. पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर परत द्या. आणि एकच लेन्स नेण्याचा एक फायदा मराठवाड्यातच नीट कळतो: एप्रिल-मेच्या वाऱ्यात लेन्स बदलायची वेळच येत नाही, त्यामुळे सेन्सरवर धूळ बसत नाही.

दूरचं या लेन्सला जमत नाही, हे वाद घालण्यासारखं नाहीच. जायकवाडीच्या नाथसागरावर थंडीत रोहित येतात तेव्हा 35मधून ते गुलाबी ठिपक्यांहून मोठे दिसत नाहीत, आणि जवळ जायला गेलं की उडतात. तिथं एकास एकचा हिशेब पाण्यात बुडतो. जायकवाडीला जाताना मी कॅमेरा घरीच ठेवतो आणि दुर्बीण घेतो.