बघून की मनाने?

घरातील मुलाने चित्र काढून दाखवले की पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला असतो : “बघून काढलंस की मनाने?” ‘मनाने’ असे उत्तर आले की कौतुक दुणावते. पाहून काढणे ही नक्कल आणि मनाने काढणे हीच खरी कला, अशी सर्वसाधारण समजूत असते. जर्मन चित्रकार आडोल्फ मेन्झेल यांचे आयुष्य पाहिले की ही समजूत तपासून घ्यावीशी वाटते.

मेन्झेल यांचा जन्म १८१५ साली ब्रेस्लाऊ शहरात झाला. वडिलांचा शिळाछापाचा व्यवसाय होता. १८३० मध्ये कुटुंब बर्लिनला आले आणि दोनच वर्षांत वडील वारले. आई, दोन धाकटी भावंडे आणि छापखाना यांचा भार सोळा वर्षांच्या मुलावर पडला. गिऱ्हाईक मागेल ते रेखाटून द्यावे लागे. कलाशाळेत ते गेले, पण फार काळ टिकले नाहीत. दुकानावर बसून मुले व्यवहार शिकतात, तसे ते काम करता करताच चित्रकला शिकले.

पुढे इतिहासकार फ्रान्झ कुग्लर यांनी लिहिलेल्या फ्रेडरिक द ग्रेट या प्रशियाच्या राजाच्या चरित्रासाठी सुमारे ४०० चित्रे काढण्याचे काम त्यांच्याकडे आले. राजाचे निधन १७८६ मधले, म्हणजे मेन्झेल यांच्या जन्माच्या २९ वर्षे आधीचे. दरबार, छावण्या, लढाया सारे मनानेच उभे करायचे होते. तरीही त्यांनी आरंभ केला तो पाहण्यापासून. जुने गणवेश, शस्त्रे, राजाची व्यक्तिचित्रे, राजवाड्यातील सामान यांची त्यांनी बारकाईने रेखाटने केली. कल्पनेने रचलेले प्रसंग खरे वाटतात, ते या तयारीमुळे. कल्पनेच्या पेढीवर उधारी चालत नाही. आधी जमा असेल तेवढेच तिथून काढता येते.

ही जमा त्यांनी आयुष्यभर चालू ठेवली. त्यांच्या एका ओव्हरकोटाला आठ खिसे होते आणि त्यांतल्या काहींत रेखाटनवह्या असत. एकही दिवस रेघेवाचून जाऊ नये, हे जुने लॅटिन वचन त्यांचे ब्रीद होते. साधन म्हणजे सुताराची जाड, चपटी पेन्सिल. तिच्या कडेने बारीक रेघ उमटे, रुंद बाजूने छाया भरे आणि मऊ शिसे बोटाने पसरले की धुरकट उजेड साकार होई. ते दोन्ही हातांनी काम करीत; रेखाटताना मात्र बहुधा डावा हात चाले.

लॉयथेनच्या लढाईपूर्वी सेनापतींशी बोलणारा हाच राजा त्यांनी १८५९ मध्ये मोठ्या कॅनव्हासवर घेतला. ज्या राजाला त्यांनी कितीतरी वेळा रेखाटले होते, त्याचीच जागा त्या चित्रात रिकामी राहिली. चित्र अपुरेच राहिले. १८६६ मध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांचे युद्ध झाले, तेव्हा मेन्झेल स्वतः बोहेमियात गेले. तिथे त्यांनी गवतावर निजवलेले मृत सैनिक रेखाटले. त्या रेखाटनांत ना विजय आहे ना जयघोष. आहेत ती निश्चल शरीरे आणि उघडी पडलेली पावले. तोवर युद्ध त्यांनी मनाने पाहिले होते. इथे ते डोळ्यांसमोर होते.

‘लोखंडाचा कारखाना’ हे त्यांचे गाजलेले चित्र १८७२ ते १८७५ या काळातले. त्यासाठी सायलेशियातील क्योनिग्सह्युट्टे येथील भट्ट्यांजवळ त्यांनी शंभराहून अधिक रेखाटने केली आणि मग बर्लिनमध्ये चित्र रचले. मधोमध तापलेले लोखंड, डावीकडे अंग धुणारे कामगार, उजव्या कोपऱ्यात घाईने जेवणारी माणसे. असा नेमका एकच क्षण कारखान्यात घडला असेल असे नाही. पण त्यातील प्रत्येक हात, प्रत्येक वाकलेली पाठ कुठेतरी पाहिलेली आहे.

१९०५ मध्ये मेन्झेल यांचे निधन झाले. जर्मनीचा सम्राट त्यांच्या अंत्ययात्रेत चालला. मागे राहिली हजारो रेखाटने.

‘बघून’ आणि ‘मनाने’ ही एकाच खात्याची दोन पाने आहेत : एक जमेचे, दुसरे खर्चाचे. यापुढे मुलाने चित्र दाखवले की निराळा प्रश्न विचारून पाहावा : “आज काय काय पाहिलंस?” आणि त्याच्या खिशात मावेल अशी एक छोटी वही व पेन्सिल द्यावी.