मान आणि मानता

पराक्रम म्हटला की एक माणूस लागतो, एक नाव लागते, अशी आपली पक्की समजूत आहे. सातपुड्यात अशी नावे आहेतही. सेंधवा घाटाच्या राखणीसाठी इंग्रजांनी नोकरीत ठेवलेला भिल्ल सरदार खाज्या नाईक 1857 मध्ये त्यांच्यावरच उलटला. 11 एप्रिल 1858 रोजी अंबापाणीला भिल्लांनी इंग्रजी फौजेशी झुंज दिली आणि 1860 मध्ये खाज्या दग्याने मारला गेला. सरकार दरबारी तो लुटारू ठरला आणि 1825 मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा जेम्स आउट्रम मात्र शूर. धाडस दोघांच्याही अंगी होते, दौत मात्र एकाच बाजूची होती. पुढे राज्य बदलले आणि खाज्या क्रांतिवीर झाला. हा न्याय झाला खरा, पण त्यातून एक गोष्ट उघड झाली: दिलेला मान देणाऱ्याच्या हातात राहतो.

याच सातपुड्यात, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावात मानाची दुसरी जात दिसते. काठी हे एके काळचे मेहवासी, म्हणजे डोंगरी सरदाराचे, संस्थान. तिथली राजवाडी होळी 1246 पासून चालत आल्याचे सांगतात. होळीच्या उंच बांबूसाठी खड्डा कुदळ-फावड्याने खणत नाहीत, हातांनी उकरतात. होळी पेटते ती पहाटे. रात्रभर नाचणाऱ्या बुध्याच्या कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि घुंगरू, डोक्यावर उंच टोप, अंगभर पांढरे ठिपके. पाहुण्यांचे कॅमेरे या थाटावर खिळतात. पण थाट ही शेवटची पायरी. त्याआधी मानता, म्हणजे नवसाचे व्रत, घेतलेल्या या बुध्याने कित्येक दिवस खाट सोडलेली असते, वहाण सोडलेली असते, ब्रह्मचर्य पाळलेले असते. नाचण्याचा मान त्याला कोणी बहाल केलेला नसतो, तो त्याने पाळणुकीतून मिळवलेला असतो.

यावर कोणी म्हणेल, 1246 ला कागदाचा आधार काय? आणि राजवाडी होळीत मान शेवटी राजाचाच ना? पहिली शंका रास्त आहे, पण परंपरेचे वय सिद्ध झाले नाही म्हणून आजची पाळणूक खोटी ठरत नाही. दुसऱ्या शंकेला काळानेच उत्तर दिले आहे. संस्थान विलीन झाले, सत्ता गेली, तरी होळी राहिली. मान केवळ गादीचा असता तर गादीबरोबरच विझला असता. तिसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: गोळीसमोर उभे राहणे आणि अनवाणी राहणे यांची बरोबरी कशी होईल? ती होत नाही, करूही नये. अंबापाणीची किंमत जिवाची होती. पण जीव देणाऱ्याची आठवण पुतळ्याच्या भरवशावर टाकली की वर्षातून एक हार घालून आपण मोकळे होतो. काठीला तशी सवलत नाही. गेल्या वर्षीचा खड्डा या वर्षी चालत नाही, तो पुन्हा हातांनीच उकरावा लागतो.