मारधाडीचा परिणाम मोजताना

भोरहून वरंध घाटाकडे जाताना हिर्डोशी लागतं. तिथल्या शाळकरी मुलांवर मारधाडीच्या चित्रफितींचा काय परिणाम होईल, हे तपासणारा प्रयोग कागदावर आखताना मला एक गोष्ट पक्की पटली: अशा प्रयोगाचा कस आक्रमकता कशी मोजली, यावर लागतो. अल्बर्ट बांडुरा आणि सहकाऱ्यांनी 1963 मध्ये मोठी माणसं फुगीर बाहुलीला झोडपताना मुलांना पडद्यावर दाखवली. मग मुलांनीही तिला झोडपलं. मुलं पाहून शिकतात, हे त्यातून ठामपणे कळलं. पण ती बाहुली मार खाऊन पुन्हा उभी राहण्यासाठीच बनवलेली. तिला मारणारा पोरगा वर्गातल्या सोबत्यालाही मारेल, हे त्यातून सिद्ध होत नाही. पुढे प्रतिस्पर्ध्याला कर्कश आवाज ऐकवण्याची चाचणी रूढ झाली. त्यात आवाजाची तीव्रता धरायची की कालावधी, हे अभ्यासागणिक बदललं आणि आकडे पाहून सोयीचं माप निवडायला वाव राहिला.

म्हणून माझ्या आराखड्यात माप आधीच लिहिलेलं आहे: मधल्या सुट्टीतलं ढकलणं, मारणं, शिवीगाळ. कुठल्या मुलांनी काय पाहिलं हे ठाऊक नसलेल्या दोघांनी ते स्वतंत्रपणे नोंदवायचं. तुलनेला संथ माहितीपट चालणार नाही. कबड्डीचा चुरशीचा सामना हवा, नाहीतर परिणाम हिंसेचा की नुसत्या उत्तेजनेचा, हे उमगणार नाही. कोण काय पाहणार हे ठरवायला चिठ्ठ्या टाकायच्या त्या हिर्डोशी परिसरातल्या अख्ख्या शाळांच्या नावांच्या, कारण छोट्या गावात एकाने पाहिलेलं संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. सरपंचांचा होकार पुरेसा नाही. पालकांची संमती आणि मुलाची तयारीही हवी.

एवढा खटाटोप कशाला, जास्त मोबाइल पाहणारी मुलं जास्त भांडतात का एवढंच पाहा, असं कुणी म्हणेल. पण घरातल्या मारहाणीमुळेच मूल भांडकुदळ झालं असेल आणि मोबाइलमध्येही बुडालं असेल, तर दोष कशाला द्यायचा? कॅनडातल्या एका गावात 1970च्या दशकात टीव्ही प्रथमच आला. टॅनिस मॅकबेथ विल्यम्स यांच्या गटाने त्याआधी आणि दोन वर्षांनी मुलांचं निरीक्षण केलं, तेव्हा आक्रमकता वाढलेली दिसली. उलट 2019 मध्ये अँड्र्यू प्रशिबिल्स्की आणि नेटा वाइनस्टाइन यांनी विश्लेषणाची पद्धत आधीच जाहीर करून सुमारे हजार ब्रिटिश किशोरांची पाहणी केली. हिंसक गेम आणि आक्रमक वागणं यांचा संबंध आढळला नाही. माध्यम, वय, माप बदललं की उत्तर बदलतं. त्यामुळे माझ्या प्रयोगातून वाढ दिसलीच, तर ती त्या सुट्टीपुरतीच म्हणावी लागेल. तिच्यावरून मोठेपणीच्या गुन्हेगारीचं भाकीत करता येणार नाही. एखाद्या गावातली पोरं बिघडली असा शिक्का मारण्याआधी इतकी काटेकोर तपासणी होणं, हा त्या पोरांचा हक्क आहे.