गोंदियाहून जुन्या गोव्यास : काटकसरीतले युरोपदर्शन

उन्हाळी सुटी जवळ आली की गोंदियातील आपल्या घराघरांत युरोप-सहलीची माहितीपत्रके चाळली जातात आणि दर माणशी लाखांचा आकडा पाहून बहुधा मिटूनही ठेवली जातात. धानाचा हंगाम, मिलचे कर्ज, मुलांचे शिक्षण यांतून उरलेल्या पैशात वृद्ध आईवडिलांसह सर्व कुटुंबाने रोम वा लिस्बन पाहणे अनेकांना परवडत नाही. परंतु युरोपीय वळणाचे एक ऐतिहासिक शहर आपल्याच देशात, मांडवी नदीच्या काठी उभे आहे. ते म्हणजे जुने गोवे. तेथील चर्चे व मठ १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

प्रवासाचा आरंभ घराजवळूनच होतो. गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापूरपर्यंत नेते. एका दिवसाहून अधिक काळ गाडीत जातो, म्हणून शिदोरी भरपूर असावी. हातकणंगले तालुक्यातील कुंभोज-बाहुबली क्षेत्राचे दर्शन वाटेतच घडते. पुढे कोल्हापूरहून एस. टी. ने पणजी गाठावी व मुक्काम तेथेच करावा. जुने गोवे तेथून सुमारे १० किलोमीटर असून साध्या बसने जाता येते. डिसेंबरच्या आरंभी सेंट फ्रान्सिस झेवियरच्या उत्सवास मोठी गर्दी लोटते आणि वर्षअखेरीस खोल्यांचे दर चढतात. काटकसरीने जाणाऱ्यांनी हे दिवस टाळावेत.

सकाळी लवकर पोहोचल्यास मुख्य वास्तू पायीच पाहून होतात, आणि चर्चमध्ये जाण्यास तिकीट नाही. १६०५ मध्ये अभिषेक झालेले बॉम जेझस जांभ्या दगडाचे आहे. आत झेवियरच्या अवशेषांखालची संगमरवरी समाधी टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने फ्लॉरेन्सहून पाठवलेली आहे. समोरच्या से कॅथेड्रलचे बांधकाम १५६२ मध्ये सुरू झाले. त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला, दुसरा आजही उभा आहे. इटालियन धर्मगुरूंनी बांधलेले सेंट कॅजेटन रोमच्या सेंट पीटरच्या धर्तीवर आहे. ज्यांना रोम घडणार नाही, त्यांनी त्याच्या घुमटाखाली थोडा वेळ शांत उभे राहावे. ही नांदती प्रार्थनास्थळे आहेत. म्हणून आपल्या मंदिरात पाळतो तीच मर्यादा, वेशात व बोलण्यात, येथेही पाळावी.

तथापि व्यापारी कुटुंबाने या शहरात केवळ चर्चे पाहून परतू नये. येथे रुआ दिरेता, म्हणजे सरळ रस्ता, नावाची मोठी पेठ होती. १५८३ मध्ये गोव्यास आलेल्या लिन्सकोटेन या डच प्रवाशाने तिचे वर्णन लिहून ठेवले आहे. सुटीचे दिवस सोडून रोज सकाळी सात ते नऊ या वेळेत येथे लिलाव चाले. अरबी घोडे, मसाले आणि तऱ्हेतऱ्हेचा मौल्यवान माल तेथे येई. त्याच बाजारात गुलाम स्त्री-पुरुषही जनावरांप्रमाणे विकले जात. १५६० पासून याच शहरात इन्क्विझिशनचे धर्मन्यायालय बसत असे. वैभव पाहताना ही दुसरी बाजूही मुलांना सांगावी.

याच लिन्सकोटेनने खंबायतकडील गुजराती व वाणी व्यापाऱ्यांविषयी स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. त्यांतील पुष्कळजण गोव्यात राहत. हिशेबात ते अत्यंत तरबेज असल्याचे तो सांगतो. ते जीव असलेले काही खात नाहीत, लहानसहान किड्यालाही मारीत नाहीत. इतकेच नव्हे, तर प्राण्यांना मारू नये म्हणून पोर्तुगीजांना पैसे देतात, असे तो आश्चर्याने नोंदवतो. वाटांवर पक्ष्यांसाठी पाणी व दाणे ठेवण्याची त्यांची रीतही त्याच्या नजरेतून सुटलेली नाही. हे वर्णन वाचताना जैन वाचकास आपलेच घर आठवावे. जेथे माणसांचाही लिलाव होई, त्या शहरात हिशेबाचे पक्के असलेले हे लोक जीव वाचवण्यासाठी मात्र पैसा मोजत होते. काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये, याचा याहून स्पष्ट धडा क्वचितच मिळेल.

त्या पेठेचे वैभव टिकले नाही. साथींनी माणसे मेली, डचांनी समुद्रमार्ग अडवला, रहिवासी हळूहळू निघून गेले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. अनेक वाड्यांचे दगड नव्या बांधकामांसाठी नेले गेले. सेंट ऑगस्टीनचा सुमारे ४६ मीटर उंचीचा भग्न मनोरा या ऱ्हासाची साक्ष देतो.

दुपारनंतर व्हाइसरॉयच्या कमानीतून धक्क्यावर उतरावे. तेथून दिवाडी बेटाकडे फेरीबोट जाते आणि पायी जाणाऱ्यांना भाडे पडत नाही. नदीच्या मध्यावरून पाहिले असता एकेकाळचे ते महानगर माडांच्या हिरवाईत लपलेले दिसते. सूर्यास्तापूर्वी भोजन घेणाऱ्यांनी मात्र परतीची वेळ आधी ठरवावी. दुसरा दिवस हाती असल्यास डिचोली तालुक्यातील कुडणे गावी जावे. तेथे जुन्या जैन बस्तीचे अवशेष आहेत. गोव्याच्या भूमीवरील आपला इतिहास पोर्तुगीजांच्या आगमनाने सुरू झालेला नाही, हे मुलांना तेथेच दाखवता येते.